चेंडूचं तिकीट

एकदा एका वृद्ध वस्तादानं आपल्याच शिष्याच्या मैदानाबाहेर बैठक मारली, सामन्याचा चेंडू मांडीत घेतला, आणि तो काही केल्या परत देईना. का देईना, त्याची ही गोष्ट. सावकाश ऐकावी, घाई करण्यासारखं तिच्यात काही नाही.

घाटाखाली नदीकाठी एक गाव होतं आणि घाटावर, ढगांच्या शेजाराला, दुसरं. दोन्ही गावांना फुटबॉलचं वेड. वेड म्हणजे कसं, तर लग्नाची तिथी काढताना आधी सामन्याची तारीख बघायची आणि मग पंचांग. खालच्या गावाला सपाट, ऐसपैस मैदान लाभलं होतं. वरच्या गावात सपाट जागा म्हणाल तर देवळाच्या अंगणाएवढीच. तिथली पोरं उतारावर खेळून तयार झालेली. 'आमच्यात जोरात मारलेला चेंडू दुसऱ्या दिवशी तुमच्या गावात सापडतो,' असं ती खालच्यांना हसून सांगत. त्यामुळे वर्षाचा मोठा सामना कायम खालीच व्हायचा. यायचं ते वरच्यांनी. आणि ते यायचेही. टेंपो भरभरून, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन, ढोल वाजवत.

ह्या ढोलाची एक जुनी रीत होती. वरच्यांचा टेंपो गावाच्या वेशीत थांबला, की त्यांचा ढोल खालच्या गावच्या माणसानं आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि मैदानापर्यंत वाहून न्यायचा. पुढे मैदानात एकमेकांच्या नावानं काय बोंब मारायची ती मारावी. पण तिथवर पाहुण्याचं ओझं यजमानाच्या खांद्यावर. कुणी ही रीत घातली, ते कुणालाच सांगता येत नसे. चालत आली होती, एवढं खरं.

खालच्या गावात रवळनाथ नावाचा एक तरुण होता. सगळे त्याला रवळू म्हणत. लहानपणापासून तो वस्तादांच्या हाताखाली खेळला. पुढं गुडघ्यानं दगा दिला, पण मैदान काही त्याला सोडवेना. तेव्हा गावानं मैदानाचा सगळा कारभारच त्याच्यावर सोपवला. त्याची थोरली बहीण घाटावर दिली होती. तिचा नवरा केरबा, म्हणजे रवळूचा दाजी, हाच वरच्यांचा ढोलवाला. गेल्या साली रवळूनंच दाजीचा ढोल खांद्यावर घेतला होता, आणि सबंध वाटेत दोघांचं चाललं होतं.

"पाव्हणं, सावकाश. ढोल हाय, तुमच्या गावचा गोलकीपर न्हवं, वाटंल तिथं आदळायला."

"दाजी, ढोल रिकामाच हाय न्हवं? तुमचे गोल घालून आणलेत का काय, लई हलका लागतोय!"

असं ते प्रेम. वर्षभर पुरेल एवढं बोलून घ्यायचं आणि वर्षभर त्याच्यावर हसत राहायचं.

तर रवळूच्या मनात एक चांगली गोष्ट होती. मैदानाला भोवती भिंत होती, आत दगडी पायऱ्यांचे कट्टे होते, पण वर छप्पर नव्हतं. म्हातारीकोतारी उन्हात बसायची. त्यांच्या डोक्यावर पत्रा घालावा, असं त्याला फार वाटे. पण पत्रा काही आभाळातून पडत नाही. ही चिंता त्यानं रेवणशेठांच्या कानावर घातली. रेवणशेठ म्हणजे गावातले व्यापारी. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दाराजवळ त्यांचं सोड्याचं आणि शेंगांचं दुकान लागायचं. माणूस हिशेबी, पण वाईट नव्हता.

शेठ म्हणाले, "रवळनाथ, साधी गोष्ट आहे. गावातल्या माणसाला तिकीट महाग केलंस तर तो काय करील? घरी जाऊन झोपेल. घर जवळ आहे त्याचं. पण वरनं आलेला माणूस? तो घाट उतरून दारात उभा. आता तो काय परत जातो? ज्याला घ्यायचंच असतं तो भाव विचारत नाही. त्याला दुप्पट लाव. तुझं छप्पर एका सालात उभं."

रवळूनं डोकं खाजवलं. हिशेब बिनचूक होता. त्यात त्याला कुठे खोट दिसेना. गावच्या माणसाला जे तिकीट, त्याच्या दुप्पट पाहुण्याला. आणि दोघांच्या खिडक्या वेगळ्या. ठरलं.

ही बातमी सांगायला तो वस्तादांकडे गेला. वस्ताद ओसरीवर बसून एका जुन्या चेंडूच्या कातड्याला तेल चोळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. छपराचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला, दुप्पट तिकिटाचं ऐकूनही तो तसा विझला नाही. फक्त तेलाचा हात थांबला.

"रवळू, वरनं खाली यायला काय लागतं रं?"

"टेंपो लागतो, वस्ताद."

"ते झालं. आणिक?"

"आणिक काय? मला काय ठावं? मी कुठं गेलोय वर?"

"आक्का दिलीय की तुझी तिथं."

"आक्काच येती की माहेरला. मला वेळ कुठं घावतोय?"

"हं," म्हणाले वस्ताद, आणि पुन्हा तेल चोळू लागले.

सामन्याच्या दोन दिवस आधी ते गावातून दिसेनासे झाले. शेजाऱ्यांनी सांगितलं, खांद्याला पिशवी लावून एस्टीत बसले, वर गेले. कशाला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ह्या वयात म्हातारा घाट का चढतो, ह्यावर पारावर थोडी चर्चा झाली आणि विझली.

सामन्याचा दिवस उजाडला. पताका लागल्या, चुन्याच्या रेघा पडल्या. गावचा कट्टा भरत आला. कट्ट्यासमोर वस्तादांची लाकडी खुर्ची दरसाल ठेवत, तशी ठेवलेली. पण ती रिकामी. समोरच्या बाजूला पाहुण्यांचा कट्टा. तिथं दुपारचं ऊन सरळ तोंडावर येई. तोही रिकामा.

रवळू स्वतः पाहुण्यांच्या खिडकीत बसला होता. कामाच्या धांदलीत आज वेशीत ढोल आणायला कुणाला धाडायचं, हे त्याच्या ध्यानातूनच गेलं. मग टेंपो थेट दारातच आला. ढोल दाजीच्याच पाठीवर होता. त्याच्यामागे दाजीची म्हातारी आई उतरली. ही बाई दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवायची, की एकदा तिच्या शिट्टीवर पंचानं खेळ थांबवला होता. तिच्यामागे बाकीची माणसं, धुळीनं माखलेली, पण उल्हासानं भरलेली. आणि सगळ्यांत शेवटी, टेंपोच्या फळीला धरून, हळूच पाय खाली टाकत कोण उतरलं? वस्ताद!

रवळू खिडकीतूनच उठून उभा राहिला. वस्ताद मात्र मुकाट्यानं रांगेला लागले. रांग पुढं सरकली. सगळ्यांत पुढं दाजी आला.

"काय पाव्हणं, ढोल न्यायला आला न्हाईसा ते?" दाजी हसत म्हणाला. मग त्यानं दर ऐकला. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. "दुप्पट? आणि तुमच्या माणसाला?"

"दाजी, छप्पर घालायचं हाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं मी बघतो, तुम्ही आत जावा."

"माझं एकट्याचं?" दाजीनं मागं वळून पाहिलं. "आणि ही टेंपोभर माणसं काय माझी वरात हाय का, मी आत आणि ही बाहेर? रवळू, आज आलोय, माघारी जात न्हाई. बसू भिंतीपल्याड. पर पुढच्या साली टेंपो भरत न्हाई आपण. तुमी खेळा तुमचं तुमच्यात."

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला. वरच्या गावाला मैदान नाही, हे रवळूला ठाऊक होतं. टेंपो आला नाही तर हा सामनाच संपला. आणि सामना संपला तर दाजी कुठल्या निमित्तानं येणार, आक्का कुणाबरोबर येणार? दर खाली आणावा, असं त्याच्या ओठांवर आलं. पण बाजूला रेवणशेठ उभे होते. ते हळूच म्हणाले, "रवळनाथ, एकदा खाली उतरलास की उतरतच जाशील. येतील, थोड्या वेळानं येतील आत."

तेवढ्यात वस्ताद खिडकीशी पोचले.

"एक तिकीट."

"वस्ताद, थट्टा करता का? तुमची खुर्ची मांडलीय."

"मी वरनं आलोय."

"पर तुम्ही आपल्या गावचे!"

"टेंपो त्यांचा, भाकरी त्यांची, अंगावरची धूळबी त्यांच्याच वाटंची. आता मी गावचा का पाहुणा, तूच सांग. ह्या केरबाला दुप्पट आणि मला फुकट? आम्ही एकाच फळीवर बसून आलोय लेका."

रवळूनं शेठांकडे पाहिलं. वस्तादांनी मान डोलावली आणि रांग सोडून ते बाहेरच्या करंजाखाली जाऊन बसले. त्यांच्यामागोमाग सगळा टेंपो तिथं जाऊन बसला.

सामना सुरू झाला. वरच्यांचे अकरा गडी मैदानात उतरले, आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या कट्ट्याकडे जाऊ लागली. पाय चालत होते, पण त्यात जीव नव्हता. लवकरच खालच्यांनी गोल केला. गोल करणाऱ्या गड्यानं रिवाजाप्रमाणं पाहुण्यांच्या कट्ट्याकडे धाव ठोकली. तिथं जायचं, कमरेवर एक हात ठेवायचा, दुसऱ्या हातानं अंगठा दाखवायचा आणि पाहुण्यांच्या शिव्यांचा पाऊस अंगावर घ्यायचा, ही गोल करण्यातली खरी मजा. तो कट्ट्यापुढं पोचला, हात कमरेवर गेला, अंगठा वर आला... आणि समोर नुसते दगड. एक कुत्रं बसलं होतं, तेही दुसरीकडे बघत. बिचाऱ्यानं अंगठा खाली घेतला, चड्डीला पुसला आणि मान खाली घालून परतला. गावच्या कट्ट्यावर टाळ्या पडल्या, पण भाषण संपल्यावर पडतात तशा.

आणि भिंतीपलीकडे काय चाललं होतं? तिथं गाठोडी सुटली होती. भाकरी, खर्डा, दह्याचं गाडगं. दाजीनं ढोल मांडला होता. म्हातारी करंजाच्या बुंध्याला टेकून, काही दिसत नसताना, नुसत्या आवाजावर सामना सांगत होती.

"आता आपल्या पोरानं चेंडू घेतला... घेतला म्हणते मी! आला, आला, आला... गेला! वस्ताद, माझं काय चुकलं का?"

"न्हाई आत्ती. बरोब्बर चाललंय. फक्त गोल त्यांचा झाला."

"मग माझ्या सामन्यात न्हाई झाला!"

त्यावर असा हशा उठला, की आतल्या लोकांच्या माना वळल्या. एक जण भिंतीवर चढला. मग दुसरा. पाहता पाहता भिंतीवर माणसांची ओळ बसली, आणि गंमत अशी, की त्या सगळ्यांची पाठ मैदानाकडे आणि तोंडं बाहेर! आत अकरा-अकरा गडी घाम गाळत होते आणि गाव दही-भाकरीचा सामना बघत होतं. कुणी वरून ओरडलं, "आत्ती, भाकरी फेका की एक!" म्हातारी म्हणाली, "फेकते बाळा. गावच्याला जेवढ्याला तेवढ्यालाच!"

अशात खालच्या एका गड्यानं चेंडू असा काही हाणला, की तो भिंतीवरच्या माणसांच्या डोक्यांवरून बाहेर आला, करंजाच्या फांदीवर आपटला आणि घरंगळत वस्तादांच्या पायाशी येऊन थांबला. वस्तादांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मांडीत घेतला.

राखीव चेंडू सकाळीच बाभळीच्या काट्यावर पडून फुटला होता. खेळ थांबला. रवळू धावत बाहेर आला.

"वस्ताद, चेंडू."

"हाय की. माझ्याजवळच हाय."

"द्या ना मग."

"देतो. पर त्याचा दर हाय."

"दर? चेंडू आमचाच हाय वस्ताद!"

"आत होता तवर तुमचा. आता तो आमच्याकडं पाहुणा आलाय, आणि त्याला न्यायला तूबी पाहुणाच आलायस. आमच्या ह्या करंजाखाली पाहुण्याला दुप्पट लागतं." वस्तादांचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा गंभीर होता. "एक चेंडू पाहिजे तर दोन चेंडू दे."

भिंतीवर खसखस पिकली. रवळूचे कान लाल झाले.

"एका चेंडूला दोन चेंडू? माझ्याजवळ दोन असते तर हा मागायला कशाला आलो असतो?"

"ते मला काय ठावं? तुझं तू बघ."

"वस्ताद, सामना थांबलाय! आत सगळी खोळंबलीत!"

"म्हणून तर दर चढलाय, लेका. ज्याला घ्यायचंच असतं तो भाव विचारत न्हाई. हे कोण म्हणलं होतं बरं?"

भिंतीवर रेवणशेठही चढून बसले होते. त्यांनी एकदम आपल्या टोपीकडे लक्ष दिलं, ती काढली, झटकली आणि पुन्हा घातली. लोक पोट धरून हसू लागले. रवळूला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग, काय सांगावं, त्यालाही हसू फुटलं. तो मटकन वस्तादांपुढं मातीत बसला. लहानपणी चेंडू चुकला की बसायचा, तसाच.

"चुकलं काय ते सांगा आता, वस्ताद. हिशेब तर बरोबर होता."

वस्तादांनी चेंडू तसाच मांडीत ठेवला. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता.

"हिशेब बरोबर होता रं, पर तो दारापासनं धरलास तू. रवळू, मी दोन दिवस ह्यांच्यात राहिलो. तुझा दाजी शेतातलं काम शेजाऱ्यावर सोपवून आलाय. आता माघारी गेल्यावर त्याच्या बदल्यात तो शेजाऱ्याच्या शेतात राबणार. ह्या म्हातारीनं कोंबडं आरवायच्या आधी भाकरी थापल्या, आणि थोड्या जास्तीच थापल्या. का, तर 'रवळू दिवसभर उपाशी पळतोय, त्याला कोण इचारणार?' म्हणून. घाटात उतारावर गाडी आवरत न्हाई. तर सगळी खाली उतरली आणि गाडीच्या मागनं चालत आली, गाणी म्हणत. गावचा माणूस तुझ्या खिडकीत येऊन तिकीट काढतो. लांबचा माणूस घराचा उंबरा ओलांडतो तिथंच काढायला लागतो. तुझ्या दारात येईस्तोवर त्याचं निम्मं तिकीट वाटंनं फाडलेलं असतं. आणि तू काय म्हणालास? हा आता माघारी जात न्हाई, म्हणून ह्याला दुप्पट! अरं, तो माघारी जाऊ शकत न्हाई, ती त्याची माया हाय. मायेला कधी खिंडीत गाठू नये."

म्हातारीनं गाठोड्यातून एक भाकरी काढली, तिच्यावर खर्डा घातला आणि रवळूच्या हातात ठेवली. "आधी खा. तोंड बघ कसं झालंय. मग भांडा दोघं."

रवळूनं भाकरीचा एक घास मोडून खाल्ला. मग तो उठला, कपडे झटकले आणि दाजीपुढं जाऊन उभा राहिला.

"दाजी, ढोल आणा इकडं."

"कशाला? त्यालाबी तिकीट हाय का काय?"

"वेशीत यायचं राहिलं माझं. इथनं तरी नेऊ द्या."

दाजीनं ढोल उचलला आणि त्याचा पट्टा रवळूच्या खांद्यावर चढवला. "दमानं. गेल्या सालापरास जड हाय. ह्या खेपेला गोल भरून आणलेत."

"मग उघडा की! आत तुमच्या पोरांना एकबी मिळंना झालाय!"

आणि दार उघडलं. पुढे ढोल खांद्यावर घेतलेला रवळू, त्याच्या बाजूनं चालत त्याच ढोलावर टिपऱ्या मारणारा दाजी, मागे सगळा टेंपो, आणि सगळ्यांत मागे चेंडू काखेत घेऊन वस्ताद. दारात रवळूनं मोठ्यानं सांगून टाकलं, की आजपासून खिडकी एकच. जे गावच्याला, ते पाहुण्याला. आणि त्यातनंही पाहुण्याची वाट वजा. वाट वजा म्हणजे किती, असं कुणी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ते मला अजून ठावं न्हाई. कळलं की सांगतो."

पुढचा सामना काय सांगू! रिकामा कट्टा भरला, म्हातारीची शिट्टी मैदानावरून गेली, आणि वरच्या अकरा गड्यांच्या पायांत वारं शिरलं. उतारावर खेळलेली पोरं ती, सपाटीवर हरणासारखी पळू लागली. त्यांनी गोल फेडला. फेडणारा गडी थेट गावच्या कट्ट्यापुढं आला, कमरेवर हात ठेवला आणि अंगठा दाखवला. गावानं त्याला जे जे म्हणून काही म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण म्हणताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. इकडून ओरड, तिकडून ढोल. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकाही पिळे तसेच टाकून आल्या. रेवणशेठांचं सोड्याचं दुकान खेळ संपण्याआधीच रिकामं झालं. सकाळपासून एक पेटीही संपली नव्हती. शेठ रिकाम्या बाटल्यांकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "घसा सुकायला समोर कुणीतरी लागतं तर!"

सामना बरोबरीत सुटला. दोन्ही गावांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं आणि दोन्ही गावांनी ते मान्य केलं नाही. म्हणजे वर्षभराची सोय झाली.

उन्हं कलली. रवळूनं ढोल पुन्हा खांद्यावर घेतला आणि वेशीपर्यंत आणून टेंपोत ठेवला. मग सगळे चढले, तसा तोही चढला.

"पाव्हणं, तुम्ही कुठं?" दाजीनं विचारलं.

"आक्काकडं. एवढी सालं झाली, एकदाबी गेलो न्हाई."

वस्ताद वेशीत उभे होते. टेंपो वळणाआड गेला, तसे ते काठी टेकत आपल्या रिकाम्या खुर्चीकडे परतले.

घाट लागला. थोडं वर गेल्यावर एका उभ्या चढावर टेंपोनं धाप टाकली, दोन आचके दिले आणि तो थांबला. कुणी कुरकुर केली नाही. रोजचंच असल्यासारखी माणसं खाली उतरली, पदर खोचले गेले, आणि सगळ्यांनी मागून खांदे लावले. रवळूनंही लावला, त्याच जागी, जिथं मघाशी ढोलाचा पट्टा रुतला होता. दुखऱ्या गुडघ्यात कळ आली. खाली नदीच्या वळणात त्याचं गाव आणि त्याचं हिरवं मैदान तळहाताएवढं दिसत होतं. इतक्या लांबून ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

टेंपोत बसून राहायचा हक्क असलेली ती एकटी म्हातारी मागं वाकून त्याच्याकडे बघत होती.

"काय रवळ्या," ती म्हणाली, "ह्याचं तिकीट कुठल्या खिडकीत मिळतं रं?"

सगळे हसले. रवळूही हसला. त्यानं खांदा जरा खाली घेतला, पाय घट्ट रोवले आणि बाकीच्यांबरोबर जोर लावला. टेंपो हळूहळू वर सरकू लागला.

ज्याच्या दारात माणूस लांबून येतो, त्यानं दर ठरवण्याआधी एकदा त्याच्या वाटेनं चढून बघावं.